कार्ल्याचे सेलघर आणि भाणकाचा आवाज

१

मळवली स्थानकाच्या उत्तरेस, वेहेरगावच्या माथ्यावर असलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहाचा अभ्यास आजवर प्रामुख्याने तीन अंगांनी झाला आहे. स्थापत्याच्या अंगाने जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांनी १८८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याचे मोजमाप व वर्णन दिले. कोरीव लेखांच्या अंगाने भगवानलाल इंद्रजी, त्यांच्यामागून एमिल सेनार आणि पुढे माधो सरूप वत्स यांनी तेथील प्राकृत लेख वाचले व संपादिले. समाजेतिहासाच्या अंगाने दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी व्यापारी मार्ग, धेनुकाकट हे गाव आणि तेथील दानकर्ते यांचा विचार केला. या तिन्ही अंगांत एक गोष्ट समान आहे. तिन्ही ठिकाणी अभ्यासकाने डोळ्यांचा उपयोग केला आहे, कानांचा नाही. वस्तुतः चैत्यगृह ही जशी पाहावयाची, तशीच म्हणावयाची व ऐकावयाची जागा होती. तिच्या या बाजूचा इतिहास लिहिता येईल काय, आणि येत असल्यास कोणत्या साधनांनी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रश्न वाटतो तितका हवेतला नाही. गेल्या काही दशकांत ध्वनिशास्त्र आणि पुरातत्त्व यांच्या सीमेवर एक नवी अभ्यासशाखा उभी राहिली आहे. प्राचीन वास्तूत ध्वनी कसा पसरतो, कोणत्या दिशेने श्रोत्यापर्यंत येतो आणि किती वेळ रेंगाळतो, याचे मापन ती करते. तिची साधने नेमकी आहेत. परंतु त्या साधनांनी कोणते प्रश्न सोडवावयाचे, हे सांगण्याचे काम इतिहास व भाषा यांच्या अभ्यासकांचे आहे. ते काम टाळल्यास दोन दोष संभवतात. एक तर हातात नुसते आकडे राहतात. नाही तर प्राचीनांना सारे ध्वनिशास्त्र अवगत होते, असे सुखावह पण निराधार विधान रूढ होते.

२

आरंभ कोरीव लेखांपासूनच करणे योग्य होय. चैत्यगृहाच्या ओवरीतील एका लेखात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे 'सेलघर' पूर्णत्वास नेले व ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असे म्हटले आहे. सेलघर म्हणजे शैलगृह, दगडातले घर. इतर लेखांत धेनुकाकटचा सिंहदत्त नावाचा गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, येतो. त्याच गावचा सामि नावाचा वढकि, म्हणजे सुतार, येतो. यवन म्हणविणारे दाते येतात. दगडात कोरलेल्या दाराचे श्रेय एक सुतार घेतो, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. तिचा उपयोग पुढे होणार आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा दाता मात्र निराळा आहे. सोपाऱ्याहून आलेला, धर्मोत्तरीय पंथातील एका स्थविराचा शिष्य सातिमित याने येथे स्तंभाचे दान केले. त्यासंबंधी दोन लेख आहेत, आणि त्यांपैकी एकात स्तंभ 'सशरीर', म्हणजे अवशेष धारण करणारा, असल्याचे सांगितले आहे. हा सातिमित स्वतःला 'भाणक' म्हणवितो. भाणक म्हणजे धर्मवचने मुखोद्गत ठेवून ती पठण करणारा भिक्षू. पाली परंपरेत दीघभाणक, मज्झिमभाणक अशी नावे आढळतात. ग्रंथाचा एकेक विभाग कंठात सांभाळणाऱ्यांची ती परंपरा होय. भारहूत व सांची येथील दानलेखांतही भाणक भेटतात.

या शब्दाचे मराठीशी नाते निकटचे आहे. व्युत्पत्तिकारांनी आपले 'म्हणणे' हे क्रियापद 'भण्' या धातूपासून साधले आहे. मराठीत आपण केवळ विधान म्हणत नाही. आरती म्हणतो, अभंग म्हणतो, पाढे म्हणतो. नुसते बोलणे आणि पूर्ण गाणे या दोहोंच्या मधली, ठरावीक शब्द ठरावीक चालीवर उच्चारण्याची जी क्रिया, ती या क्रियापदाने आजही सांभाळली आहे. सातिमित हा या अर्थाने म्हणणारा होता. ज्याचे आयुष्य आवाजाच्या जोरावर चालले, अशा मनुष्याने ज्या वास्तूत खांब दिला, तिच्या ध्वनीचा विचार करणे म्हणून अप्रस्तुत नाही.

३

पठणाचा आवाज कसा असावा, याविषयी बौद्ध संघात विचार झाला होता, हे विनयग्रंथांवरून स्पष्ट होते. पाली विनयाच्या चुल्लवग्गात धर्मवचने लांबविलेल्या गीतस्वरात गाण्याचे पाच दोष सांगितले आहेत. गाणारा स्वतः त्या स्वराच्या मोहात पडतो, ऐकणारे पडतात, हे आपल्यासारखेच गातात, असे म्हणून गृहस्थ नाके मुरडतात, स्वराच्या नादी लागल्याने समाधी भंगते, आणि मागून येणारे त्याचाच कित्ता गिरवितात. मात्र त्याच ठिकाणी 'सरभञ्ञ', म्हणजे स्वर धरून म्हणणे, यास अनुज्ञा दिली आहे. गाणे नको, पण स्वरयुक्त म्हणणे चालेल, अशी ही सीमारेषा आहे.

महावग्गातील दुसरा प्रसंग याहून बोलका आहे. संघासमोर पातिमोक्ख म्हणण्याचे काम उदायी नावाच्या भिक्षूकडे होते आणि त्याचा आवाज कावळ्यासारखा होता. आपण काय करावे, असा त्यास प्रश्न पडला. सर्वांस ऐकू जावे म्हणून पठण करणाराने प्रयत्न करावा, प्रयत्न करणाऱ्यास दोष नाही, असा निर्णय झाला. उलट, जाणूनबुजून ऐकू न जाईल असे म्हणणे हा दोष ठरविला. ऐकू जाणे हे येथे सौंदर्याचे नव्हे तर कर्तव्याचे मान आहे.

हे दोन्ही उल्लेख सावधपणे वापरले पाहिजेत. पातिमोक्ख उपोसथाच्या जागी म्हटले जाई, चैत्यात नव्हे. शिवाय पाली विनय थेरवाद्यांचा. कार्ल्याच्या लेखांत दान मिळालेले दिसतात ते महासांघिक, आणि सातिमित धर्मोत्तरीय. तेव्हा या वचनांवरून कार्ल्याचा नित्यक्रम ठरविता येणार नाही. त्यांच्यावरून एवढेच म्हणता येते की, पठणाचा स्वर व त्याची श्राव्यता हे भिक्षुसंघांतील जाणीवपूर्वक चर्चेचे विषय होते.

४

आता वास्तूकडे वळू. फर्ग्युसनच्या मापाप्रमाणे चैत्यगृहाची लांबी १२४ फूट ३ इंच, रुंदी ४५ फूट ६ इंच, मधल्या दालनाची रुंदी २५ फूट ७ इंच आणि उंची सुमारे ४६ फूट आहे. दोन्ही बाजूंस प्रत्येकी १५ अलंकृत स्तंभ असून स्तूपामागे सात साधे अष्टकोनी स्तंभ आहेत. छत अर्धवर्तुळाकार घुमटीचे असून त्यास सागवानी कमानी बसविल्या आहेत. स्तूपावरील छत्रही लाकडी आहे. दर्शनी भागात तीन दारे, त्यांवर सज्जा व त्याहून वर नालाकृती गवाक्ष अशी रचना आहे.

या आकड्यांना कानांच्या भाषेत वाचणे अवघड नाही. ध्वनी सेकंदास सुमारे ३४५ मीटर जातो. मूळ ध्वनी आणि त्याचे परावर्तन यांत साधारण ०.०५ सेकंदाहून कमी अंतर असेल, तर कान त्या दोहोंस एकच समजतो व मूळ आवाज भरदार वाटतो. अंतर त्याहून बरेच अधिक आणि परावर्तन जोरकस असेल, तर बोलणे गढूळ होते किंवा स्वतंत्र प्रतिध्वनी ऐकू येतो. कार्ल्याच्या मधल्या दालनात मध्यभागी उभा राहून कोणी म्हणू लागला, तर स्तंभांवरून परतणारा ध्वनी सुमारे ०.०२ सेकंदात, आणि स्तंभांमधून जाऊन भिंतींवरून परतणारा सुमारे ०.०४ सेकंदात त्याच्याकडे येतो. ही परावर्तने आवाजाला साह्य करतात. छतावरून परतण्यास सुमारे ०.०७ सेकंद लागतात. दारापासून मागील भिंतीपर्यंत जाऊन परतण्यास ०.२२ सेकंद लागतात, परंतु वाटेत स्तूप आणि स्तंभ असल्याने तो ध्वनी एकवट न राहता विखुरतो. म्हणजे रुंदीच्या दिशेने वास्तू पठणास अनुकूल आहे. उंची व लांबी मात्र शब्दांची शेपटे लांबवितात.

अंतर्वक्र छत ध्वनी एकत्र आणते, हे खरे. विजापूरच्या गोलघुमटाचा चमत्कार सर्वांच्या परिचयाचा आहे, आणि अशा कुजबुजत्या सज्जांचा अभ्यास चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१-२२ च्या सुमारास केला होता. परंतु कार्ल्याच्या छताची त्रिज्या लहान व ते उंच आहे. त्यामुळे खालून गेलेला ध्वनी श्रोत्यांच्या डोक्यावर पुष्कळ उंचीवर एकवटतो आणि खाली येईपर्यंत पुन्हा पसरतो. लाकडी कमानी त्या पसरण्यास हातभार लावतात.

अनुरणनाचा, म्हणजे मूळ ध्वनी थांबल्यावर तो विरेपर्यंत लागणाऱ्या काळाचा, हिशेब वॉलेस सबीन याने घालून दिला. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृहात काही ऐकू येत नाही, ही तक्रार त्याच्याकडे आली. रात्रीच्या शांततेत, ऑर्गनची नळी वाजवून आणि खुर्च्यांच्या गाद्या आणून व काढून त्याने दाखविले की, अनुरणनकाल खोलीच्या आकारमानाच्या सम व तिच्या शोषणशक्तीच्या व्यस्त प्रमाणात असतो. शोषणाचे एकक म्हणून त्याने उघडी खिडकी घेतली. कारण उघड्या खिडकीतून गेलेला ध्वनी परत येत नाही. उदाहरणादाखल ५००० घनमीटरांचे एक दगडी सभागृह कल्पू. त्याचे एकूण शोषण १२० चौरस मीटर उघड्या खिडकीइतके असेल, तर अनुरणनकाल सुमारे ६.७ सेकंद येतो. त्यात २०० माणसे बसविली आणि प्रत्येकाचे शोषण ०.४५ चौरस मीटर धरले, तर तो ३.८ सेकंदांवर उतरतो. सभागृह तेच, पण रिकामे असताना जेथे वाक्य अस्पष्ट होते, तेथे भरलेले असताना ते बरेच समजते. आपण मापन करतो ते बहुधा रिकाम्या लेण्याचे. इतिहास मात्र भरलेल्या लेण्याचा असतो. हा भेद विसरल्यास अचूक आकड्यांवरूनही चुकीचा निष्कर्ष निघेल.

५

येथे लेखाच्या मुख्य मुद्द्यावर येतो. कार्ल्याच्या छताला लाकडी कमानींची गरज नाही. अखंड खडकात कोरलेले छत कोणत्याही आधाराशिवाय उभे आहे. तरीही त्या बसविल्या आहेत, कारण हे सारे रूप लाकडी वास्तूंवरून घेतले आहे. कमानी, गवाक्षातील फासळ्या, वेदिकेची नक्षी, सर्वत्र सुतारकाम दगडात उतरले आहे. दाराचे श्रेय घेणारा सामि वढकि त्याचीच साक्ष देतो.

रूप लाकडातून दगडात गेले, तेव्हा डोळ्यांना ते जवळजवळ तेच दिसले. कानांना मात्र ते तेच राहणे शक्य नव्हते. लाकडी सांगाडा व वर गवताचे किंवा फळ्यांचे छप्पर असलेली शाळा ध्वनी शोषते व बाहेर सोडते. अनुरणन तेथे अल्पच असणार. तोच आकार बेसाल्टच्या कड्यात कोरला, की बहुतेक ध्वनी आतच खेळत राहतो. भिक्षुसंघाने दगड निवडला तो टिकाऊपणासाठी. सूर्यचंद्र असेपर्यंत राहावे, ही त्यामागची वृत्ती. त्या निवडीबरोबर एक नवा, कदाचित न मागितलेला ध्वनीही पदरात पडला. मैदानात किंवा लाकडी शाळेत घडविलेली पठणाची सवय घेऊन सोपाऱ्याचा भाणक घाट चढून येथे आला असेल, तर त्यास आपली लय पुन्हा बसवावी लागली असणार. दीर्घ अनुरणनात भरभर म्हटले, की अक्षरे एकमेकांवर चढतात. म्हणणाऱ्यापुढे मार्ग दोनच राहतात: गती कमी करणे, किंवा स्वर लांबवून ते अनुरणनच चालीत सामावून घेणे. दुसरा मार्ग विनयाने निषिद्ध मानलेल्या गीतस्वराकडे झुकतो. नियम आणि वास्तू यांच्यात असा ताण होता काय, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे, आणि तो मापनाने निदान अंशतः तपासता येतो.

शेजारचे भाजे या दृष्टीने तुलनेस उपयोगी आहे. तेथील चैत्य पुष्कळ लहान, सुमारे ५९ फूट लांबीचा, व अधिक जुना असून त्याचा लाकडी दर्शनी पडदा नाहीसा झाला आहे. आज सबीनच्या भाषेत त्याची सारी पुढील बाजू म्हणजे एक मोठी उघडी खिडकी होय. कार्ल्यास मात्र दर्शनी भिंत व ओवरीचा बाह्य पडदा दोन्ही दगडात कोरले. लाकडी पडद्याच्या जागी दगडी भिंत येणे ही केवळ शैलीतील पायरी नाही. ध्वनीच्या दृष्टीने दार लावून घेणे आहे.

मग हे सारे हेतुपुरस्सर होते काय? तसा पुरावा कोणत्याही लेखात नाही, आणि वर दिलेली कारणपरंपरा हेतूशिवायच पुरेशी आहे. तथापि अनुभवातून आलेले ज्ञान त्या काळी होते, याची साक्ष भरताच्या नाट्यशास्त्रात मिळते. त्याच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडप 'शैलगुहाकार' व वारा न शिरणारा असावा, म्हणजे आवाजास गांभीर्य येते, असे म्हटले आहे. आणि मंडप फार मोठा झाल्यास उच्चारलेले शब्द विस्वर होतात, असा इशाराही दिला आहे. मध्यम मंडपासाठी तेथे ६४ हात लांबी व ३२ हात रुंदी सांगितली आहे. हात दीड फुटाचा धरल्यास ही मापे ९६ व ४८ फूट होतात. कार्ल्याची रुंदी जवळपास तेवढीच, लांबी बरीच अधिक. यावरून नाट्यशास्त्र व लेणी यांचा प्रत्यक्ष संबंध सिद्ध होत नाही. पण गुहेचा घुमारा आणि अतिविस्तारातील अस्पष्टता, या दोन्ही गोष्टी त्या जगाला ठाऊक होत्या, एवढे निश्चित.

६

अनुरणनकाल हा एकच आकडा असतो. दोन अगदी भिन्न वास्तूंचा तो समान असू शकेल. ध्वनी कोणत्या दिशांनी येतो, हे त्याने कळत नाही. आणि चैत्यगृहात तर श्रोता एका जागी बसलेला नसून प्रदक्षिणा घालीत असण्याचा संभव आहे. स्तंभांमागील मार्गाने जाणाऱ्यास म्हणणाऱ्याचा आवाज कधी थेट, कधी स्तंभाआडून येणार. स्वरांची मुख्य शक्ती ज्या कंपनसंख्यांत असते, त्यांच्या लहरी सुमारे ३० सेंटिमीटरांपासून दीड मीटरापर्यंत लांब असल्याने त्या खांबाला वळसा घालतात. सकाराच्या घर्षणध्वनीची लहर १० सेंटिमीटरांहूनही आखूड असते व ती खांबाने बरीच अडते. प्रदक्षिणा करणाऱ्यास म्हणून स्वर अखंड, पण ऊष्मे तुटक ऐकू यावेत, अशी अपेक्षा करता येते.

ही दिशायुक्त माहिती टिपण्याची साधने आता उपलब्ध आहेत. ऑक्सफर्ड येथील मायकेल गर्झन याने १९७० नंतरच्या दशकात ॲम्बिसॉनिक्स नावाची पद्धती मांडली. तीत चतुष्फलकाच्या चार पृष्ठांवर चार ध्वनिग्राहक बसवून एका बिंदूवर सर्व दिशांनी येणारा ध्वनी नोंदविला जातो. भारतात उमाशंकर मंत्रवादी यांनी स्वतः असे मायक्रोफोन बनवून ओडिशातील राणीगुंफेसारख्या प्राचीन प्रयोगस्थळांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांच्या कार्यावर आधारलेले प्रदर्शन २०२० साली बर्लिन येथे भरले. इस्तंबूलच्या हागिया सोफियाचे दहा सेकंदांहून अधिक लांबणारे अनुरणन स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी, ती वास्तू संग्रहालय असताना, फुगे फोडून टिपले. पुढे बाहेरच्या प्रयोगशाळेत गायलेल्या बायझंटाइन स्तोत्रांना त्यांनी तो ध्वनी चढविला. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलचे मापन २०१३ साली झाले होते. १५ एप्रिल २०१९ रोजी त्याचे लाकडी छप्पर जळाले, तेव्हा आधीच्या ध्वनीची नोंद हाती राहिली ती त्यामुळेच.

कार्ल्यास या शेवटच्या उदाहरणाचे मोल अधिक आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे समजले जाणारे तेथील लाकूड ही जगातील दुर्मिळ वस्तू आहे. आणि लाकूड कधी ना कधी बदलते, झिजते, नाहीसे होते. छायाचित्रात त्याचे रूप राहील. त्याचा ध्वनीतील वाटा राहणार नाही.

७

असे मापन झाल्यास भाषेच्या अभ्यासकाने त्यातून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे आधीच ठरविलेले बरे. प्राकृतात शब्दान्ती व्यंजने उरली नाहीत, जोडाक्षरे सुलभ झाली, शब्द स्वरान्त किंवा अनुस्वारान्त झाले. घुमणाऱ्या लेण्यात अशी भाषा अधिक स्पष्ट ऐकू येईल, हे मापनाने कदाचित दिसेलही. म्हणून लेण्यांनी प्राकृत घडविली, असे म्हणणे मात्र अशक्य आहे. ही रूपांतरे अशोकाच्या लेखांतच बव्हंशी झालेली आहेत, आणि ती लेणी नसलेल्या प्रदेशांतही झाली. तसेच सातिमिताचा उच्चार आपणांस परत मिळणार नाही. आजच्या कोणा पठण करणाऱ्याचा आवाज कार्ल्याच्या ध्वनीत मिसळून ऐकविला, तर तो पुरावा नव्हे, प्रयोग होय. त्यास तसेच नाव द्यावे.

मापन तीन जागी तरी व्हावे: स्तूपासमोर, दाराशी, आणि प्रदक्षिणामार्गात काही पावलांच्या अंतराने. रिकाम्या लेण्याबरोबर माणसे बसवूनही ते करावे, आणि भाज्यासही तीच पद्धती लावावी. दाराशीच एकवीरा देवीचे मंदिर आहे आणि चैत्रातील यात्रेत डोंगर घंटांनी, ढोलांनी व जयघोषाने भरून जातो. मापन करणाऱ्यास शांत रात्र शोधावी लागेल. पण यात्रेचा तो आवाजही नोंदवावयास हवा. आज शेकडो गळ्यांनी देवीचे नाव या कड्यावर म्हटले जाते, तोही या सेलघराच्या श्रवणेतिहासाचाच भाग आहे.

पठणाच्या इतिहासाची एक बाजू, म्हणजे कंठ, कायमची गेली आहे. दुसरी बाजू, म्हणजे ज्या जागेने त्या कंठाला उत्तर दिले ती जागा, कार्ल्यास अजून जवळजवळ अभंग आहे. पुण्यात पुरातत्त्व, भाषाशास्त्र व ध्वनिमुद्रण या तिन्ही विद्या शिकविल्या जातात, आणि कार्ले तेथून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. त्या तिघींनी मिळून हे काम हाती घेतले, तर म्हणण्याच्या आपल्या परंपरेचा आरंभीचा एक अध्याय अनुमानाच्या कक्षेतून मापनाच्या कक्षेत आणता येईल.